आकडा तोच, तेहेतीस

नव्वदच्या दशकात बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी जो कॉम्प्युटर होता, त्याच्या डब्यावर लाल रंगात ३३ पेटायचं. तो म्हणे मशीनचा वेग. मी त्यावर लग्नपत्रिका आणि क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचे. माझं काम संपलं की खुर्ची बाबांची. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, दुपारभर त्या डब्याशी बुद्धिबळ खेळायचा आणि जिंकला की त्यालाच डिवचायचा, "काय रे शहाण्या, जिरली ना?"

त्यांची एक ठेवणीतली युक्ती होती. एक प्यादं मुद्दाम उघडं टाकायचं. मशीनला प्रत्येक चालीला दहा सेकंद दिलेले. तेवढ्यात त्याला पुढचा सापळा दिसायचा नाही. हावरटासारखं प्यादं खायचं आणि चार चालींनी हत्ती घालवून बसायचं. पुढे पुढे आईसुद्धा आतून विचारायची, "खाल्लं का त्याने?"

मग एकदा मशीन बंद पडलं. उल्हासनगरच्या ज्या सिंधी दुकानदाराकडून घेतलं होतं, त्याच्याकडेच दुरुस्तीला दिलं. परत आलं ते तसंच. तोच डबा, तेच ३३, बुद्धिबळाची फ्लॉपीही तीच. आणि बाबा हरायला लागले. मशीन प्यादं खाईचना!

आधी चिडले. रविवारी कुळगावातल्या मित्राकडे डाव मांडायला जायचे, तेही बंद केलं. गॅस बंद केलाय का, ते उठून उठून बघायला लागले. मी वैतागून म्हटलं, "बाबा, एका खेळाचं काय एवढं मनाला लावून घेता?"

माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादाचं असंच सुरू झालं होतं. आधी रमीत चुकायला लागला."

त्यांचा दादा, म्हणजे माझे मोठे काका, शेवटी स्वतःच्या घराचा रस्ता विसरले होते.

पण मला एक गोष्ट खटकत होती. माझी पत्रिकांची पानंही हल्ली स्क्रीनवर झटपट उमटत होती. मशीन, फ्लॉपी आणि बाबांना घेऊन तडक उल्हासनगर गाठलं. दुकानदार निवांत. "बेहनजी, पुराना बोर्ड जल गया था. थ्री-एट-सिक्स मिला नहीं, तो फोर-एट-सिक्स डाल दिया. आपका तो फायदा ही हुआ ना!"

कपाळ माझं! हे आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला?

"पण आकडा तर तोच आहे," बाबा म्हणाले.

"नंबर सेम है साईं, अंदर का काम अलग."

मी समजावलं. जुन्या थ्री-एट-सिक्स प्रोसेसरला, म्हणजे मशीनच्या मेंदूला, दर वेळी सामानासाठी माळ्यावर चढावं लागायचं, नव्याने नेहमीचे डबे ओट्यावरच मांडलेत. शिवाय एक काम संपायच्या आत दुसरं हातात घेतो. म्हणून त्याच दहा सेकंदांत त्याला एखादी चाल पुढचं दिसतं.

"फ्लॉपी तीच, तर अक्कल तीच," बाबा म्हणाले. त्यांना सगळं थापाच वाटत होतं.

मग मीही हट्टाला पेटले. दुकानात दुरुस्तीला आलेलं एक जुनं थ्री-एट-सिक्स होतं, ते नव्याशेजारी ठेवायला लावलं. दोन्हींवर ३३. दोन्हींत आळीपाळीने आमचीच फ्लॉपी घातली, आणि बाबांनी दोन्हींवर तोच पट मांडून तेच प्यादं उघडं टाकलं.

दहा सेकंदांनी जुन्याने प्यादं खाल्लं. नव्याने घोडा मागे घेतला.

बाबांनी एकदा या पडद्यावर, एकदा त्या पडद्यावर बोट ठेवलं. मग माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाले, "अगं, म्हणजे मी तोच आहे."

घरी आल्याआल्या चपला काढल्या, मशीन जोडायला लावलं आणि त्याच्यासमोर बसले. अर्ध्या तासात हरले आणि आईला हाक मारून ओरडले, "अगं ए, हरलो! परत हरलो!" एवढे खूश मी त्यांना जिंकतानाही पाहिलं नव्हतं.

आई बाहेर आली, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. इतके दिवस या भीतीबद्दल ती एका शब्दाने काही बोलली नव्हती.