आत्याच्या दोन हिरव्या बांगड्या

पाथर्डीहून येणाऱ्या एसटीत मी शेजारच्या माणसाला आत्याचीच गोष्ट सांगत होतो, तेवढ्यात ती गेल्याचा फोन आला. गोष्ट अर्धीच राहिली. उतरताना तो बिचारा हळूच म्हणाला, "सभेत पुढं काय झालं?" ... ते इथे सांगतो.

त्या साली पावसाने दडी मारलेली, अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, बाजारात गिऱ्हाईक नाही. धंदा बसला की राग कुणावर तरी निघतो. आमच्या गावाने तो पाच-सात मुसलमान घरांवर काढायचं ठरवलं. बाजारात त्यांना जागा द्यायची नाही, असा ठराव ग्रामसभेत आला. हमीद मणियारचं बांगड्यांचं दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेली एक चादर, पण घर त्या चादरीवरच चालायचं. सभेच्या दिवशी तो दारात उभा होता. मीही तिथेच, चपलांपाशी. धाडसी माणसाने बाहेरची वाट मोकळी ठेवावी, असं माझं मत आहे.

सरपंच म्हणाले, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा." हात उठू लागले. बायकांच्या बाजूनेही किणकिण झाली आणि आत्या उभी राहिली. माझ्या वडिलांची बहीण, ऐन तारुण्यात विधवा झालेली.

"बायांनो, करा की हात वर. पन आदी हमीदनं भरलेल्या बांगड्या उतरवा. माझं हात भुंडंच हायेत, मला काय."

"अवो आत्या, तिन्हीसांजेला काय अभद्र बोलताय?" सरपंचांची बायकोच म्हणाली.

"व्हय? अन् मानसाला बाजारातनं उठवताना येळ बघितली का कुनी?"

नवरा जिवंत असताना भुंड्या हातांनी कोण बसणार? बायकांचे हात खाली आले. मग त्यांच्याकडे बघत बघत पुरुषांचेही. सरपंचांनी घसा खाकरून ठराव पुढच्या सभेवर ढकलला. ती पुढची सभा अजून व्हायची आहे.

पुढच्या बाजारी आत्या हमीदच्या चादरीपुढे बसली. म्हणाली, "भर."

तो गांगरला. "आत्या, तुमाला...?"

"गाव काय म्हनंल ते मी बघते. तू माप बघ. हिरव्या भर, दोनच."

गेल्या महिन्यात तिला शेवटची आंघोळ घालताना भावकीतलं कुणीतरी पुटपुटलं, "बांगड्या काढायच्या ना?" एकीचाही हात पुढे झाला नाही.

त्या बांगड्या भरल्यापासून दर बाजारी ती हमीदशेजारी पालथ्या खोक्यावर बसायची. आता तिथे मी बसतो, गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगतो आणि दर खेपेला गोष्टीतल्या सभेत एकेक रांग पुढे सरकतो. गेल्या बाजारी तर थेट आत्याच्या शेजारी पोचलो होतो. हमीद एका पोरीच्या मनगटावर बांगडी चढवत होता. मान वर न करता म्हणाला, "भाऊ, आपन दोघं चपलांपाशी हुतो."

पोरीने हसत दुसरा हात पुढे केला.