पाय वर घे, बाय

दारात कुणाचीही सावली पडली की ती आधी पाय खाली घ्यायची, मग बघायची कोण आलंय ते. एकदा तर मांजर होतं.

दहिवलीत आमच्या शेजारी राहायची. पळसदरीच्या एका फार्महाऊसवर वीस वर्षं ओट्याशी उभी राहून तिने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. पासष्टीत पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या आणि घोट्याशी जखम झाली, ती काही भरेना. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, आणि चार वेळा आडवं होऊन पाय छातीपेक्षा वर ठेवा. रक्त खाली साचलं तर जखम वाढत जाईल."

चालायची हो, त्याची तक्रार नाही. पण पाय वर?

मी उशी नेली. "डोक्याच्या उशीला पाय लावू?" बरं, गोधडीची वळकटी केली. "वैनी, समोर देव हायेत." खाट फिरवली. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो. "मामांजींना पाय दावू?" पुन्हा फिरवली, तर पाय रस्त्याकडे. चौथ्या बाजूला दक्षिण! मी घामाघूम.

"मग छताला टांग, बाय!"

"तितं पाल हाय," म्हणाली, आणि हसत सुटली.

सांगा, अशा बाईला काय करायचं? मी फोटोवर टॉवेल टाकला, दार लावलं, तेव्हा कुठं दहा मिनिटं पडली. कडी वाजली की संपलं. पाय खाली, चहाचं आधण वर. आळीतली माणसं यायची कशाला, तर पाय कसा आहे विचारायला! मी त्यांच्यावर ओरडायचे, ती माझ्यावर. "घरी आलेल्या मानसाला असं बोलतात का, वैनी?"

जखम चिघळलीच. पनवेलच्या दवाखान्यात ठेवली. तिथल्या सिस्टरने खाटेचा दांडा फिरवला, झाले पाय वर. मला वर्षभरात जमलं नव्हतं. मी पडद्यातून डोकावले, तर ही साडी घोट्यावर ओढत उठायलाच लागली. "ओ सिस्टर, खाली घ्या. वैनी आल्यात, माझ्याहून मोठ्या हायेत."

मी चटकन मागे सरले, पडदा ओढला, बाहेर स्टुलावर बसले.

"मी आलेच नाही असं समज."

"मंग बोलतंय कोन?"

तशाच गप्पा मारल्या आम्ही, लोणच्याच्या, सुनांच्या. आमचं ते शेवटचं बोलणं, हे तेव्हा कुठं ठाऊक. तासाभराने सिस्टर बाहेर आली. मी भुवई उडवून पायांचं विचारलं.

"वरच आहेत," ती हळूच म्हणाली.