मालदीवहून परतल्यावर दारव्ह्याजवळच्या तांड्यावर

मालदीवच्या एका बेटावर तीन वर्षं गणित शिकवून मी यवतमाळला परत आले, त्याला आता अकरा महिने झाले. या अकरा महिन्यांत मालदीवचं भाषण मी किती वेळा ठोकलं असेल, देव जाणे. भिशीत, हळदीकुंकवात, एका बी.एड. कॉलेजात. फोटो ठरलेले, विनोदही ठरलेले. नवरा तर हल्ली पहिल्या फोटोलाच चहा टाकायला उठतो.

कॉलेजातल्या भाषणानंतर ममता राठोड नावाची मुलगी माझ्यासाठी थांबली. तिथल्याच दुसऱ्या एका बेटावरच्या शाळेत तिची निवड झाली होती आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. वडील हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. जी बाई जाऊन आली तिला तांड्यावर घेऊन ये, मग बोलू, एवढंच त्यांचं म्हणणं. मी लगेच कबूल केलं. खरं सांगायचं तर तिच्या नोकरीपेक्षा मला तांडा बघायची उत्सुकता जास्त होती. अख्खा जन्म या जिल्ह्यात गेला, पण बंजारा तांड्यावर कुणाच्या घरी मी कधी जेवले नव्हते.

शनिवारी सकाळी यवतमाळच्या बसस्टँडवरून दारव्ह्याची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे चाळीसच्या आसपास काम झालं. खिडकी डावीकडची मिळाली तर सकाळच्या उन्हात डोळे दिपतील, उजवीकडे बसा. डिसेंबर होता. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला आणि वाकून वेचणाऱ्या बायका. सव्वा तासात दारव्हा. स्टँडबाहेर पोहे-तर्री खाल्ली. तर्री 'थोडी' मागितली तरी पोहे बुडेपर्यंत येते, हे ध्यानात ठेवा. तिथून काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली याचा निर्णय फक्त ड्रायव्हरच करू शकतो. मी तेरावी होते, तो अजून दोघांची वाट बघत होता.

फाट्यावर ममता उभी होती. तांड्यात शिरताना पहिली गोष्ट दिसली ती कुलपं. निम्म्या घरांना कुलूप. माणसं ऊसतोडीला पश्चिमेकडे गेलीत, होळीला येतील, असं ती म्हणाली. उरलेले पंचवीसेक लोक नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या अंगणात लिंबाखाली जमले होते. वडील गणपतकाका पुढे, ममताची याडी, म्हणजे आई, बायकांमध्ये.

मी फोनवरचे फोटो दाखवत भाषण सुरू केलं. वीस मिनिटांत पायी फेरी मारता येईल एवढं बेट, होडीतून शाळेत येणारी मुलं, निळं पाणी. माझ्या ठरलेल्या विनोदांवर कुणी हसलं नाही. एका आजीने तिथं ढोरं कुठे बांधतात असं विचारलं. तिथं गाई-म्हशी नाहीतच म्हटल्यावर तिला त्या लोकांची फार दया आली. लाकूड कुठून आणतात, विहीर खोदली तर पाणी खारं लागतं का, मेलेल्या माणसाला कुठे नेतात. तीन वर्षं राहूनही यातल्या निम्म्या गोष्टी मी कुणाला विचारल्या नव्हत्या.

मग गणपतकाका बोलले. "मॅडम, टोळी किती जनाची असते?"

मला हसू आलं. टोळी वगैरे काही नसते, ज्याचा त्याचा करार, ज्याचं त्याचं तिकीट, असं मी समजावलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे मला कळलं, पण काय ते कळेना.

"आमी बावीस वर्सं ऊसतोडीले गेलतो," ते शांतपणे म्हणाले. "एकटं कोनी जात नाई. नवरा-बायकोच्या दहा जोड्या अन् एक मुकादम. मुकादम शिव्या देते, पिळून घेते, सारं खरं. पन मानूस बिमार पडला त त्याले घरी आनून सोडनं त्याच्यावर राह्यते. तुमचा मुकादम कोन होता?"

एजन्सी होती, करार होता, तक्रारीसाठी एक नंबर होता. तो कधी लागला नाही. आता थाप मारावी की खरं सांगावं? ममता माझ्याकडे बघत होती. खरं सांगितलं तर तिचं जुळत आलेलं मीच मोडणार होते. पण त्या माणसाच्या डोळ्यांत बघून मला थाप मारता येईना.

कुठल्याच भाषणात नसलेली गोष्ट मी सांगितली. दुसऱ्या वर्षी मला डेंगी झाला. दवाखाना दुसऱ्या बेटावर, बोटीने दीड तास. शाळेतली केरळची लीला टीचर आपली रजा टाकून माझ्यासोबत आली. सहा दिवस तिने मला भरवलं, न्हाऊ घातलं, आणि घरी फोन करून मी ठीक आहे असं खोटं सांगितलं. मला बोलताना रडू आवरेना. ममताच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आता कशी हाये ते टीचर?" काकांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. परत आल्यापासून आमचं बोलणंच झालं नव्हतं.

"काहून?"

काहून, म्हणजे का? भांडण झालं नव्हतं, नंबर हरवला नव्हता. मी फक्त घरी आले होते आणि भाषणं करत होते. मला फार लाज वाटली.

तरी त्यांनी मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे घातलेली वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. पैशांचं नाव काढू नका, राग येतो. हात धुतल्यावर काकांनी निर्णय सांगितला. "तुमी त्या टीचरले फोन करा. ते लक्ष ठेवतो म्हनली त ममता जाईल. पन मुकादम तुमी. पोरीचं काई झालं त मी कोन्या हापिसात जानार नाई. तुमच्या दारात येईन."

मी हो म्हटलं. असा शब्द तिथं नायकासमोर द्यायचा असतो. नायकाने माझं नाव, नवऱ्याचं नाव, मोहल्ला, सगळं मोठ्यांदा वदवून घेतलं. पंचवीस माणसांनी ऐकलं.

पाचची जीप चुकवू नका, नंतर काही मिळत नाही. परतताना एसटीत मी फोन हातात धरून बसले, पण लावला नाही.

रविवारी सकाळी लावला. दुसऱ्याच रिंगला तिने उचलला. रुसवा नाही, टोमणा नाही. तापानंतर माझे केस गळायचे ते थांबले का, हे पहिलं विचारलं. ममताचं सांगितलं, तर तिची बोट माझ्याच बेटावरून पुढे जाते, मी उतरवून घेईन, लक्षही ठेवीन, म्हणाली. तिचं कसं चाललंय असं मी विचारलं, तेव्हा कळलं की जूनमध्ये तिची आई गेली. एकटीच केरळला जाऊन आली होती. तुला कशाला त्रास, म्हणून कळवलं नाही, म्हणाली. तिथे मी काय शिकवलं हे गावभर सांगत फिरले, आणि जिने मला जगवलं तिच्या आईचं मला सहा महिन्यांनी कळलं.

गणपतकाकांना फोन करून टीचर हो म्हणाली असं सांगितलं. होकाराचं पत्र आजच पाठवा म्हटलं. त्यांनी आधी टीचर बरी आहे ना, हेच विचारलं. तिची आई गेली, असं मी सांगितलं.

मग त्यांनी तिथूनच मुलीला हाक मारली. "ममता, त्या टीचरची माय गेली. पयले तिच्या घरी बसाले जाजो. मंग शाळेत."