मागे घेतलेलं सांत्वन

“देवानं मागून घेतलंय गं, हिसकून न्हाय,” असं म्हणत मावशी रडणाऱ्या बाईच्या डोक्यावर हात ठेवायची. त्याआधी तो पदराला पुसायची, कारण हाताला बहुधा मासळीचा वास असायचा.

मावशी उत्तन गावची ख्रिस्ती कोळीण. आमच्या गोडदेवच्या बाजारात मासळी विकायची. आता तिथे बसत नाही. तुमच्याही बाजारात अशी एक असेलच. भावात सोडणार नाही, पण गिऱ्हाइकाच्या घरी कोण आजारी आहे ते विसरणार नाही. मयताच्या घरी ती न बोलावता जायची, मग घर कुणाचंही असो. कोपऱ्यात बसून गळ्यातली माळ काढायची आणि प्रार्थना म्हणायची. मध्येच देवाशी भांडायचीसुद्धा, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी भांडावं तशी.

आमचा पहिलीतला मुलगा तापाने गेला, तेव्हा ती आमच्याकडेही आली. रत्नागिरीहून आलेल्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. मावशी बायकोला खेटून बसली, प्रार्थना म्हणाली आणि मग आपलं ते वाक्य बोलली. त्या दिवशी बायको पहिल्यांदा घोटभर पाणी प्यायली. पुढे ती त्या वाक्यावरच जगली. देवाने मागितला आणि आपण दिला, असं मलाच समजवायची. मला पटत नव्हतं, पण ती दोन घास खात होती, म्हणून मी मान डोलवायचो.

मग मावशीची एकुलती लेक कामावर जाताना डंपरखाली आली.

आम्ही दोघं उत्तनला गेलो. घरात प्रार्थना चालली होती. ती संपली, तशी एकेक बाई मावशीजवळ जाऊन तिला तिचंच वाक्य ऐकवू लागली. माझ्या बायकोनेही ऐकवलं. मावशी प्रत्येकीच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. रडली नाही.

महिन्याभराने ती आमच्या दारात उभी. गळ्यात माळ नव्हती. आत ये म्हटलं तरी येईना.

“मी बोलले व्हते ते खोटं हाय,” ती बायकोला म्हणाली. “मला न्हाय मागितली त्यानं. तुला तरी इचारलं व्हतं काय? ज्यांना ज्यांना बोलले, त्या सगल्यांना सांगत फिरतेय.”

बायकोचा चेहरा उतरला. मला मावशीचा भयंकर राग आला. तिला देवाने फसवलं असेल, पण म्हणून तिने आमच्या तोंडातला घास काढून घ्यायचा?

बायकोने तिचा हात धरला. “माझं झालं ते झालं, मावशी. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईकडे जाऊ नकोस. तिचा नवरा जाऊन दोनच महिने झालेत. तू सांगितलेलं ते वाक्य तिला राहू दे.”

“खोटं हाय.”

“असू दे.”

मावशीने हात सोडवून घेतला. आम्ही गॅलरीतून पाहत होतो. समोरच्या गेटपाशी ती जरा थांबली आणि आत गेली. बायको कठडा धरून तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने समोरच्या खिडकीतून रडण्याचा आवाज आला. दोन बायका रडत होत्या.