उसने उपास

देवाने माणसाची परीक्षा पाहावी, अशी आपल्याकडची रीत. माझ्या सासऱ्यांनी मात्र उभा जन्म देवाची परीक्षा पाहिली आणि त्या परीक्षेला आम्ही घरातली माणसं विनाकारण बसलो. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते दहिसरला नदीकाठच्या चाळीत राहायला आले, पण लष्कर सुटलं हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं. मी त्यांचा एकुलता एक जावई. लग्नानंतर, जागा मिळेपर्यंत, म्हणून त्यांच्या दोन खोल्यांत राहायला गेलो आणि ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली तरी ती जागा मिळतच होती. त्या दिवसांतला माझा थकवा अजून पुरता उतरलेला नाही.

पहाटे नळाला पाणी यायच्या आधी ते चाळीतले हंडे, कळशा, बादल्या उंचीप्रमाणे रांगेत लावून ठेवत. बायकांनी सुरुवातीला भांडून पाहिलं, मग दमून नाद सोडला. घरातल्या सगळ्यांच्या चपला-बुटांना रोज पॉलिश व्हायचं. सासूबाईंच्या रबरी सपातांना पॉलिश लागत नाही याचं त्यांना मनापासून दुःख होतं. संध्याकाळी शेवटचं माणूस घरी येईपर्यंत हे दाराशी उभे. मला ऑफिसातून उशीर झाला तर बोलत काही नसत. आधी घड्याळाकडे बघत, मग माझ्याकडे, आणि 'सब ठीक' म्हणून कडी लावत. त्यापेक्षा साहेबाच्या शिव्या बऱ्या वाटायच्या.

घरच्यांवर जीव असा, की त्यातून पळून जायची सोय नव्हती. लग्नाच्या नव्या नवलाईत मी बायकोला घेऊन जुहूला गेलो. भेळ घेऊन वाळूत जरा टेकतोय, तोच तिने माझा हात झटकला. मागे वळून पाहतो तर सासरे उभे. हातात छत्री, खांद्याला लष्करातली पाण्याची बाटली. "तुमचं चालू द्या," म्हणाले, "मी आहे इथे." आमचं काय चालणार, कपाळ? शेवटी मीच त्यांना बोलावलं आणि भेळ पुढे केली, तर त्यांचा मंगळवार निघाला. मग खिशातून अळणी शेंगदाणे काढून ते आमच्या दोघांच्या मधोमध बसून खाऊ लागले.

या वारांनी घराचा जीव मेटाकुटीला आणला होता. सोमवारी दिवसभर पोटात काही नाही, दिवस मावळल्यावर एकदाच जेवण. मंगळवार अळणी. शुक्रवारी मासे-मटण बंद आणि संध्याकाळी चर्चमध्ये मेणबत्ती. तिथे ते सावधानमध्ये असे उभे राहत, की एका म्हातारीने कोणी मोठा सरकारी माणूस येणार आहे असं समजून पुढची जागा धरली होती. शनिवारी मारुतीला तेल घालून येईपर्यंत पाणीसुद्धा नाही आणि जेवण थेट रविवारी. मग बुधवारी ते मागची सगळी कसर भरून काढत आणि सासूबाई भाकऱ्या थापून थापून भिंतीला टेकत. चार सासवा परवडल्या, पण हे चार वार नकोत, असं त्या शेजारणींना सांगायच्या. एवढे सगळे देव एका माणसाला कशाला लागतात, असं विचारायची हिंमत मात्र आमच्यापैकी कोणात नव्हती.

एका शनिवारी रॉकेलच्या रांगेत सासरे कोसळले. पडले तेही ताठ, सावधानमधल्यासारखे हात पँटच्या शिवणीला लावून, असं आणून सोडणारे सांगत होते. साखरेचा आजार निघाला. गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलंत तर पुढच्या वेळी उठणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं. सासरे 'येस सर' म्हणाले. घरी आले, आणि सोमवारी सकाळी गोळी घेऊन ताट बाजूला सारलं. दुपारी पुन्हा तेच. बायको रडायला लागली. सासूबाई ताट मांडत होत्या, उचलत होत्या, पुन्हा मांडत होत्या. शेवटी समजूत घालायला म्हणून मला पुढे ढकललं.

ते खाटेवर टेकून बसले होते. इतकं दमलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी काही विचारायच्या आधीच, उगाच गप्पा माराव्यात तसे बोलू लागले. लढाईत त्यांच्या हाताखाली चार पोरं होती. दुसऱ्या दिवशी हल्ला होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा बसल्या बसल्या एकेकाने नवस बोलला. घरी परत गेलो तर सोमवार धरीन, असं साताऱ्याकडचा एक म्हणाला. दुसऱ्याने मंगळवार घेतला. वसईचा ख्रिस्ती स्वयंपाकी होता, त्याने शुक्रवार आणि मेणबत्ती. सगळ्यात धाकट्याला कडक काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने शनिवार. सासऱ्यांना देवाशी असा सौदा करणं पटेना, ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ती चारही पोरं गेली.

मी कारकून माणूस, मी नियमावर बोट ठेवलं. परत आलो तर, असा नवस होता. पोरं आलीच नाहीत, तेव्हा कोणत्याच देवाचं काही देणं लागत नाही, असं मी त्यांना समजावलं.

"देवाचं नाही हो, जावईबापू," ते म्हणाले. "देवानं त्यांचं ऐकलं नाही. मी ऐकलं होतं." मग खाटेवरची चादर सरळ करत म्हणाले, "बोलले ते तिकडेच राहिले. काहीच न बोललेला मी परत आलो. आता मी कुठल्या तोंडानं जेवायला बसू?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. ताट घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर खालीच बसल्या.

"तुम्ही काय बोलूक नाय, ह्या खरा," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यासाठी कोणीच बोलूक नाय, असा वाटता तुमका?"

लढाईत पत्रं यायची थांबली, तेव्हा गावच्या देवीपुढे उभं राहून त्यांनी नवस बोलला होता. हे परत आले तर जन्मभर मासे खाणार नाही. मालवणकडच्या बाईने मासे सोडणं म्हणजे काय, ते तिकडच्याच माणसाला विचारावं. इतकी वर्षं त्या सुरमई तळून आम्हाला वाढत होत्या आणि स्वतः लोणच्याशी भाकरी खाऊन उठत होत्या. घरातल्या बायका मागाहून जेवतात. घरादारावर डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या या माणसाने बायकोच्या ताटात कधी पाहिलं नव्हतं. मी तरी कुठे पाहिलं होतं?

"देवी पावली म्हणून तुम्ही इलात," सासूबाई म्हणाल्या. "आता उपाशी मरान तो नवस फुकट घालवल्यात, तर मी जाब कोणाक इचारू?"

सासऱ्यांनी ताट ओढून घेतलं आणि सोमवारच्या भर दुपारी ते जेवले. त्यानंतर चारही वार ते दोन्ही वेळा जेवत. पहिला घास घेताना पुटपुटत एखादं नाव घेत, आणि आम्ही ऐकू आलं नाही असं दाखवत असू. मेणबत्ती तेवढी चालू राहिली. तिच्यात साखर नव्हती.

दशक सरायच्या आधी ते गेले, दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. चौदाव्या दिवशी घरात पुन्हा मासे शिजले. त्या दिवशी आम्ही हट्टाने सासूबाईंना आमच्या पंगतीला बसवलं, आणि मी त्यांच्या पानात सुरमईची एक तुकडी वाढली. म्हटलं, ज्यांच्यासाठी सोडले होते ते आता गेले. आता खायला हरकत नाही.

त्यांनी ती तुकडी अलगद उचलून माझ्या पानात ठेवली.

"परत इले होते ना ते," म्हणाल्या, आणि लोणच्याची बरणी पुढे ओढली.