चार मरिनांचा पाहुणा

फुकट जेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आपल्या बोटीला फुकट पाहुणचार घडवणारा माणूस एकच. आमचे नाखवाचाचा. मूळचे रत्नागिरीकडचे, शारजाच्या एका एसी वर्कशॉपमध्ये फोरमन, आणि दुबईत अल कुसैसला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारे. दर शुक्रवारी पहाटे स्वतःच्या लहानशा बोटीतून मासे मारायचे आणि जुम्म्याच्या नमाजाआधी बारा घरांत वाटून मोकळे व्हायचे. मी देशस्थ ब्राह्मण. हमूर मासा खायला घालून मला त्यांनीच बिघडवलं. पैशाचं नाव काढलं की मात्र भडकत. "मी काय मासळी विकतोय काय रे, कुलकर्ण्या? गप खा."

बोट ते एका जुन्या धक्क्यावर नाममात्र भाड्यात बांधत. मग त्या धक्क्याची मरिना, म्हणजे हौशी बोटींचा चकचकीत तळ, झाली. दिवे आले, कॉफी शॉप आलं, आणि त्या काळी भाडं झालं महिन्याला नऊशे दिरहम. "म्हणजे जवळजवळ अकरा हजार रुपये!" चाचा ओरडले. "एवढ्यात आमच्याकडे अख्खं घर मिळतं, वर दोन माड."

हार मानतील तर ते चाचा कसले! त्यांनी नियमांचा कागद चक्क वाचून काढला. पाहुण्या बोटीला दर खेपेला तीन रात्री मोफत, असं त्यात होतं. शारजा ते दुबई अशा चार मरिना, चारींचे चार मालक. झालं! तीन रात्री इथे, तीन तिथे. प्रत्येक ठिकाणी इस्त्रीचा शर्ट घालून उतरायचे आणि अगदी नवख्या चेहऱ्याने गार्डला विचारायचे, "भाईसाब, टॉयलेट किधर है?" बोट ठेवली की त्यांना गाडीतून घरी आणायची पाळी आमची. खोटं कशाला सांगू, त्या चोरट्या फेऱ्यांत मला ऑफिसातल्या बढतीपेक्षा जास्त मजा येई.

सव्वा वर्ष हे सुखाने चाललं. तेवढ्यात एकाच कंपनीने चारही मरिना एकामागून एक विकत घेतल्या. पाट्या बदलल्या, गार्डचे शर्ट बदलले, पण चाचांनी तिकडे लक्षच दिलं नाही. एका शुक्रवारी मॅनेजरने आम्हा दोघांना आत बोलावलं आणि कॉम्प्युटरमधून काढलेला लांबलचक कागद पुढे ठेवला. चारही ठिकाणच्या नोंदी जोडल्या, तर चाचा एकही रात्र न चुकता पाहुणे होते.

"अंकल, आपका घर है किधर?"

"समंदर में, हबीबी."

मॅनेजर खो खो हसला. मग म्हणाला, "लेकिन अब खलास. चारों मिलाके साल में तीन रात." मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

बारा घरांनी मिळून भाडं भरायचं, असं आम्ही ठरवलं. चाचा ऐकेनात. "मग ती मासळी तुम्ही विकत घेतल्यासारखीच झाली की!" शेवटी त्यांनी बोट इंडियाला निघालेल्या एका मालवाहू गलबतावर चढवून गावी धाडली. अठ्ठावीस वर्षं गावाकडच्या चाचींच्या 'परत या' अशा विनवण्यांना न बधलेले चाचा त्या बोटीमागोमाग राजीनामा देऊन निघाले. एअरपोर्टवर मला रडू आवरेना. "रडतोस काय? यल्ला, चल नीघ, तुझ्या पार्किंगचे पैसे वाढतायत," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. बोट घरामागच्या खाडीत माडाला बांधली होती. "भाडं विचारायला इथे कुत्रंसुद्धा येत नाही!"

"आणि मासळी?"

"मिळते की, रोज टोपलीभर." मग म्हणाले, "पण वाटू कुणाला रे? इथे ज्याच्या त्याच्या दारात बोट आहे."