मागचे दोन दिवे

गल्लीत त्याला सगळे भडक्या म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतः कमावलेलं होतं. अकराव्या वर्षी त्याने वर्गातल्या एका पोराच्या कानाचा लचका तोडला. पुढे मोटरसायकलींच्या वायरिंगचं गॅरेज टाकलं, तर आईवरून शिवी देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर बॅटरी फेकली. नेम चुकला म्हणून माणूस वाचला. भिंतीला खड्डा पडला. बायको नऊ वर्षं टिकली. दहाव्या वर्षी त्याने भिरकावलेलं ताट तिच्या कपाळाला लागलं, तेव्हा रक्त पुसायलाही न थांबता ती माहेरी गेली ती गेलीच.

पण हाच माणूस वायरीला हात लावायचा तेव्हा बघत राहावं. तार सोलायचा, पीळ द्यायचा, कथिलाचा डाख लावायचा, आणि जोड इतका गुळगुळीत की बोट फिरवलं तरी लागू नये. समोरचा टायरवाला म्हणायचा, "भडक्या दगा देईल, त्याचा जोड देणार नाही."

भडक्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा शाळेत कवायत मास्तर होता. इस्त्रीचे कपडे, मऊ आवाज, रस्त्यात दिसेल त्याला नमस्कार. घराचं दार लागलं की तो बायकोला पट्ट्याने मारायचा. कुठे मारलं म्हणजे कपड्याखाली झाकलं जातं, हे त्याला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी भडक्याला हे कळलं, तेव्हा त्याने मास्तरचं डोकं धरून पेट्रोलच्या टाकीवर तीनदा आपटलं. मास्तर चकार शब्द न काढता रुमालाने नाक पुसत निघून गेला. आठवड्याने धाकटीची दोन बोटं दारात चिरडली.

पट्टी बांधलेला हात घेऊन ती गॅरेजात आली.

"दादा, तू त्याला मारतोस आणि ते उतरतं माझ्या अंगावर. पुन्हा त्याला हात लावू नकोस."

"मग तू माझ्याकडे चल."

"एका मारकुट्याच्या घरातून उठून दुसऱ्याच्या घरात? वहिनीचं कपाळ मी विसरले नाही."

 तेव्हापासून भडक्याने मास्तरला हात लावला नव्हता.

आणि एका दुपारी मास्तर स्वतःच गाडी घेऊन आला.

"मेहुणे, मागचे इंडिकेटर फार मिणमिणतात हो. हे नवे एलईडी आणलेत. तुमच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही." मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, "तुमची बहीण पायरीवरून पडली काल. बरगडी दुखावली. बायकांचं लक्ष नसतं."

एवढं बोलून तो समोर टायरवाल्याच्या बाकावर पेपर उघडून बसला.

भडक्याने सीट काढली. जुने दिवे उतरवले. गाडीकडून येणाऱ्या तारांत डाव्याची नारिंगी, उजव्याची आकाशी. नव्या दोन्ही दिव्यांच्या तारा मात्र एकसारख्याच, काळी आणि पिवळी. कुठला दिवा कुणाला जोडायचा, हे सगळं जोडणाऱ्याच्या हातात. त्याने उजवा दिवा नारिंगीला जोडला आणि डावा आकाशीला. बस, एवढंच. पुढचे दिवे बरोबर लागणार होते, हँडलसमोरचा बाणही बरोबर दिसणार होता. मास्तर उजवीकडे वळेल तेव्हा पाठीमागे डावा लुकलुकेल, आणि मागचा ट्रक तो डावीकडे वळतोय समजून बिनधास्त उजवीकडून घुसेल. हाडं गोळा करायला पोतं लागेल. धाकटीला कोणी जाब विचारणार नाही, बोटं चिरडणार नाही.

नव्या दिव्यांना वीज कमी लागते, दिवे लुकलुकवणारा जुना फ्लॅशर त्यांच्यावर वेड्यासारखा टकटकतो. म्हणून त्याने फ्लॅशरही बदलला. टेप गुंडाळून सीट परत बसवली. त्याचं डोकं भडकलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदाच तो माणसाला शांतपणे मारत होता.

तेवढ्यात धाकटी आली. नवरा दादाकडे गेल्याचं कळल्यावर बरगडी दाबून धरत ती धावतच निघाली होती.

"मारलंस का त्याला?"

"नाही."

तिला पाहून मास्तर पेपर घडी करत आला आणि गाडीवर बसला. "आलीसच तर जरा कामाला लाग. मागे उभी राहून सांग. हा उजवा."

मागे डावा दिवा लुकलुकू लागला. धाकटीने दिव्याकडे पाहिलं, मग भावाकडे. भडक्या हातातली पक्कड न्याहाळत होता. लहानपणी शेजाऱ्याच्या कुत्र्याला विष घातलं, तेव्हाही तो असाच उभा राहिला होता.

"लागला का? बहिरी झालीस?"

'लागला' एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. तिचे ओठ हललेही. दिवा आणखी सात-आठदा लुकलुकला.

"उलटा लागतोय," ती म्हणाली.

मास्तर हसला. "मेहुणे, म्हातारे झालात की!"

"नीट कर," धाकटी भावाला हळूच म्हणाली. "असं मला नकोय."

भडक्याने मास्तरला उतरवून सीट काढली, जोड तोडले आणि पुन्हा बांधले.  या वेळी मात्र बोटाला दोनदा चटका बसला. सीट बसवून, मास्तरला पुन्हा गाडीवर बसवून डावा, उजवा, दोन्ही तपासून झाल्यावर धाकटी नवऱ्याला म्हणाली, "आता तुम्ही जा. मी येत नाही."

"कुठे येत नाहीस?"

"घरी. आजपासून."

मास्तरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. त्याने गाडीवरून उतरून तिच्या केसांचा बुचडा मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने तिच्या दुखऱ्या बरगडीवर ठोसा मारला. तिचा आवाजच बंद झाला. भडक्याच्या हाताला मोठा पान्हा लागला. पहिल्या फटक्यात मास्तरचं मनगट मोडलं, तो आवाज टायरवाल्याला रस्त्यापलीकडे ऐकू गेला. दुसरा गुडघ्यावर बसला. मास्तर जमिनीवर आला तेव्हा भडक्याने पान्हा टाकून हातोडा उचलला.

"आणखी एक मारलास," धाकटी धापा टाकत म्हणाली, "तर मी याला उठवून याच्याबरोबर परत जाईन. आईशपथ जाईन."

हातोडा वरच राहिला. भडक्याच्या मानेच्या शिरा टरारल्या, तोंडातून जनावरासारखा आवाज निघाला. मग तो वळला आणि हातोडा गाडीच्या रिकाम्या सीटवर घालत राहिला, सीट फाटून स्पंज बाहेर येईपर्यंत.

टायरवाल्याने मास्तरला आपल्या गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. धाकटी स्टुलावर बसली. भडक्या सीटमधून सांडलेला स्पंज गोळा करू लागला.

"तुझ्याकडे राहायचं म्हणजे," ती म्हणाली, "हात उचललास तर?"

"तर निघून जा."

"मी का जाऊ? मी आता कुठेही जाणार नाही. तुलाच बाहेर काढीन. झोप इथे गॅरेजात, टायरांवर."

भडक्याने कोपऱ्यातल्या टायरांकडे पाहिलं.

"पांघरूण तरी देशील ना?" त्याने विचारलं.

"बघू," ती म्हणाली, आणि घराच्या किल्लीसाठी हात पुढे केला.